पिढ्यांचा काळ आणि रोगाचें वय

मागल्या पिढीचीं माणसें धट्टींकट्टीं होतीं आणि पुढची पिढी दुबळी निपजत आहे, हें गाऱ्हाणें बहुतेक सर्व देशांच्या वाङ्मयांत सांपडतें. आपल्या पुराणांनीं त्यास युगांची चौकट दिली आणि कृतयुगापासून कलियुगापर्यंत मनुष्याचें आयुष्य, बळ व सत्त्व हीं पायरीपायरीनें उतरत गेलीं असें सांगितलें. घरांतील वृद्धांच्या तोंडीं तेंच तत्त्व पचविलेल्या तुपाच्या आणि पायीं तुडविलेल्या कोसांच्या हिशेबांत उतरतें. युरोपांत या कल्पनेनें शास्त्राचा पोशाख चढविला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. १८५७ सालीं बेनेडिक्ट मोरेल या फ्रेंच मानसरोगवैद्यानें मनुष्यजातीच्या ऱ्हासावर एक जाडा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील उपपत्ति अशी कीं, घराण्यांत एकदां दोष शिरला म्हणजे पहिल्या पिढींत तो नुसत्या अस्थिर स्वभावाच्या रूपानें दिसतो, पुढच्या पिढींत मज्जातंतूंचे विकार होतात, त्यापुढें वेड लागतें, आणि शेवटीं मतिमंद व निर्वंश संतति निपजून घराणें खुंटतें.

या उपपत्तींत नीतिशास्त्र पुष्कळ होतें, निरीक्षण थोडें होतें. परंतु तिच्या पोटांत एक प्रश्न असा होता कीं, त्याचें उत्तर मोजून काढण्याजोगें होतें. एकाच घराण्यांत एकच आनुवंशिक रोग चालत आला असतां आजापेक्षां बापास आणि बापापेक्षां मुलास तो लहान वयांत गांठतो काय? इंग्रजी वैद्यकांत या प्रकारास ‘अँटिसिपेशन’ म्हणतात. आम्ही त्यास ‘पूर्वागमन’ म्हणूं. या एका प्रश्नाचा निकाल लागण्यास ऐंशींहून अधिक वर्षें लागलीं, आणि मधल्या काळांत निकाल दोनदां फिरला. वंशावळींत काळाचा परिणाम दिसला असतां त्याचा अर्थ कसा लावावा, हें ज्यास समजून घ्यावयाचें आहे त्यास याहून बोधप्रद इतिहास आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

प्रश्नास आंकड्यांचें रूप दिलें तें फ्रेडरिक मॉट यानें. लंडन कौंटी कौन्सिलच्या वेड्यांच्या इस्पितळांचा हा पॅथॉलॉजिस्ट. या इस्पितळांचीं दप्तरें त्याच्या हातीं असल्यामुळें एकाच घराण्यांतील दोन-दोन, तीन-तीन माणसें तेथें येऊन गेल्याचें त्याच्या नजरेस येई. अशा नातलगांच्या नोंदी एकत्र करून त्यानें आईबाप व मुलें यांच्या जोड्या लाविल्या, आणि १९१० च्या सुमारास जाहीर केलें कीं, मुलांस वेड लागण्याचें वय आईबापांच्या वेड लागण्याच्या वयापेक्षां पुष्कळच कमी असतें. यावरून त्यानें जो सिद्धांत काढला तो त्या काळाच्या वृत्तीस साजेसा होता. झाडाची किडकी फांदी जशी आपोआप गळून पडते तशीं सदोष घराण्यांतील माणसें निसर्ग लहान वयांतच निकालांत काढतो व वंशाची शुद्धि करतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता.

वयांची तुलना ही दिसते तितकी सरळ गोष्ट नव्हे, हें मॉटच्या फार पूर्वीं इंग्लंडांतच सांगून झालें होतें. १८४३ सालीं विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, मृत्यूच्या वेळचीं वयें घेऊन धंद्याधंद्यांची तुलना केली तर सेनापति हे कनिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांपेक्षां आणि न्यायाधीश हे वकिलांपेक्षां दीर्घायुषी ठरतात; परंतु सेनापतीच्या पदांत कांहीं संजीवनी भरलेली आहे असें यावरून सिद्ध होत नाहीं. सेनापति होण्यासाठींच मुळांत बरींच वर्षें जगावें लागतें. जो तरुणपणीं मेला तो सेनापति झालाच नाहीं, आणि म्हणून त्याचें वय त्या रकान्यांत कधीं येतच नाहीं.

बापाच्या रकान्याचेंहि असेंच आहे. बाप होण्यास तारुण्यापर्यंत शाबूत राहून लग्न व्हावें लागतें. ज्यास अठराव्या वर्षीं वेड लागून इस्पितळांत ठेवावें लागलें त्यास बहुधा संतति होत नाहीं. तो कोणाचा तरी मुलगा म्हणून कोष्टकांत येतो, कोणाचा बाप म्हणून येत नाहीं. मुलांच्या रकान्यास ही चाळणी नाहीं. त्यास दुसरीच आहे. मुलांचीं आयुष्यें अजून पुरीं व्हावयाचीं असतात. ज्यांस पुढें पन्नाशींत वेड लागणार आहे ते आज शहाण्यांत मोजले जातात व कोष्टकाबाहेर राहतात. म्हणजे बापांतून लवकर आजारी पडणारे वगळले गेले आणि मुलांतून उशिरा आजारी पडणारे वगळले गेले. इतकें झाल्यावर दोन्ही रकान्यांच्या सरासरींत वीस-पंचवीस वर्षांचें अंतर पडलें तर त्यांत नवल कसलें? शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें, पण शीत निवडून काढलेलें नसेल तरच.

१९१२ सालीं कार्ल पिअर्सन यानें ‘नेचर’ या नियतकालिकांत पूर्वागमनाच्या आकडेमोडींतील या तर्कदोषावर बोट ठेविलें. पिअर्सन हा सुप्रजननशास्त्राचा कडवा पुरस्कर्ता. दुर्बळांच्या प्रजोत्पत्तीची त्यास फार धास्ती. तथापि आपल्या पक्षास पोषक दिसणारा आंकडा केवळ पोषक म्हणून त्यानें खपवून घेतला नाहीं, हें त्याच्या पदरीं घातलें पाहिजे.

वेडाचें निदान हें त्या काळीं बरेंच सैल प्रकरण होतें. त्याहून स्पष्ट लक्षणांचा एक रोग याच सुमारास पुढें आला. १९०९ सालीं जर्मनींत हान्स स्टाइनर्ट यानें त्याचें वर्णन केलें; आज त्यास ‘मायोटोनिक डिस्ट्रोफी’ म्हणतात. या रोग्यानें मूठ वळली कीं ती लवकर उघडत नाहीं. कोणाचा हात हातीं धरला तर तो सोडवितांना पंचाईत पडते. चेहऱ्याचे व मानेचे स्नायू झिजतात, पापण्या जड होतात, डोळ्यांत मोतीबिंदू पडतो. ट्युबिंगेनच्या ब्रूनो फ्लायशर या नेत्रवैद्यानें अशा रोग्यांच्या वंशावळी धुंडाळून १९१८ सालीं एक चमत्कारिक गोष्ट उजेडांत आणली. रोग्यांच्या पूर्वजांत स्नायूंचा विकार दिसत नव्हता. दिसत होता तो नुसता मोतीबिंदू, आणि तोहि उतारवयांत. वरच्या पिढींत म्हातारपणचा मोतीबिंदू, मधल्या पिढींत प्रौढपणीं मुठीचा ताठरपणा, खालच्या पिढींत ऐन तारुण्यांत शरीराची दैना. मोरेलची उतरंडच जणू डोळ्यांपुढें उभी राहिली.

त्यापुढील वीस-पंचवीस वर्षांत असल्या उतरंडींस काय भोगावें लागलें तें सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें १९२७ सालीं सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यास मान्यता दिली. जर्मनींत १४ जुलै १९३३ रोजीं आनुवंशिक रोग्यांच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला. त्याच्या यादींत स्किझोफ्रेनिया होता, जन्मांधता व बधिरता होती, हंटिंग्टनचा कंपवात होता. आणि त्याखालीं सुमारें ४,००,००० माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. ‘हें घराणें पिढीगणिक बिघडत जाणार’ हें विधान तेव्हां नुसतें विधान नव्हतें. त्याखालीं सही करावयास माणसें बसलेलीं होतीं. पूर्वागमनाचा वाद पुढें ज्याच्या हातीं गेला त्या लायोनेल पेनरोजचा लेख या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

पेनरोज (१८९८–१९७२) याचा पिंड निराळा होता. जन्म क्वेकर घराण्यांतला. पहिल्या महायुद्धांत त्यानें बंदूक न घेतां त्या पंथाच्या रुग्णवाहिका-पथकांत काम केलें. कोल्चेस्टर येथें १२८० मतिमंद रोग्यांची व त्यांच्या नातलगांची तपासणी करून १९३८ सालीं त्यानें जो अहवाल लिहिला त्यांत मतिमंदत्व ही एका दोषाची एक उतरंड नसून निरनिराळ्या कारणांनीं घडणाऱ्या निरनिराळ्या अवस्थांस मिळालेलें एक नांव आहे, असें त्यानें दाखविलें. (गणिती रॉजर पेनरोज, ज्यांस २०२० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, ते याचेच चिरंजीव.) १९४५ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत तो सुप्रजननशास्त्राच्या गाल्टन अध्यासनावर आला. ज्या विषयाचें अध्यासन त्या विषयाच्या नांवाचाच त्यास तिटकारा. तेथून निघणाऱ्या ‘अ‍ॅनल्स ऑफ यूजेनिक्स’चें नांव त्यानें १९५४ सालीं बदलून ‘अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ असें केलें. अध्यासनाचें नांव बदलण्यास मात्र १९६३ साल उजाडावें लागलें.

त्याच संस्थेंत जूलिया बेल ही विदुषी अनेक वर्षें आनुवंशिक रोगांच्या वंशावळी जमा करीत होती. केंब्रिजला तिनें गणिताची परीक्षा दिली होती, पण त्या काळीं तें विद्यापीठ स्त्रियांस पदवी देत नसे. पुढें तिनें वैद्यकाचेंहि शिक्षण पुरें केलें. १९४७ च्या सुमारास तिनें मायोटोनिक डिस्ट्रोफीच्या घराण्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत आईबाप व मुलें यांच्या वयांतील अंतर इतकें ठळक होतें कीं, तें नाकारण्याची सोय नव्हती. पेनरोजनें तें नाकारलें नाहींच. १९४८ च्या आपल्या लेखांत त्यानें एवढेंच विचारलें कीं, रोग पिढ्यांमधून यत्किंचित् न बदलतां चालत आला असता तरी हेंच अंतर दिसलें असतें कीं नाहीं?

त्याच्या युक्तिवादाचा गाभा आम्ही एका कल्पित दाखल्यानें सांगतों. समजा, १९४० सालीं एका डॉक्टराकडे वीस वर्षांचा मुलगा व त्याची पन्नास वर्षांची आई आलीं. दोघांसहि रोग त्याच वर्षीं जडलेला. डॉक्टरानें टिपून घेतलें : आई पन्नास, मुलगा वीस, अंतर तीस वर्षें. आतां याच्या उलट जोडी घ्या. आईस रोग जडला विसाव्या वर्षीं, म्हणजे १९१० सालीं. तिचा मुलगा १९२० सालीं जन्मला आणि त्यास रोग जडणार पन्नासाव्या वर्षीं, म्हणजे १९७० सालीं. ही जोडी वहींत उतरविण्यास एकाच डॉक्टरास साठ वर्षें थांबावें लागेल, आणि तेव्हां आई बहुधा हयात नसेल. पहिली जोडी एका सकाळीं पुरी होते, दुसरी कोणाच्याच वहींत पुरी होत नाहीं. शिवाय, विसाव्या वर्षीं खिळलेल्या मुलीचें लग्न होणें दुरापास्त. म्हणजे दुसरी जोडी मुळांत जन्मासच क्वचित् येते. शिवाय, घराणें डॉक्टराच्या नजरेस येतें तें बहुधा लहान वयांत जबर दुखणें झालेल्या मुलामुळें. त्याच्या आईचे हात मग तपासले जातात. अशा तीन चाळण्यांतून जें खालीं पडतें त्यास आपण निसर्गनियम म्हणतों.

युक्तिवाद निर्दोष आहे. आम्ही तो अनेक वेळां पारखून पाहिला. त्यांत फट सांपडत नाहीं. त्याच्या पाठीशीं दुसरेंहि एक बळ उभें होतें. मेंडेलच्या सिद्धांताप्रमाणें जनुक हा अंश आईबापांकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो. तो क्वचित् बदलला तर एकदम बदलतो आणि मग त्याच रूपांत टिकतो. पिढीगणिक एकाच दिशेनें थोडा थोडा बिघडत जाणारा जनुक ही कल्पनाच कोणास सुचण्याजोगी नव्हती. आंकड्यांस दुसरा अर्थ लागतो, आणि मूळ अर्थास यंत्रणा सांपडत नाहीं. मग पूर्वागमन हा आभास होय असें पाठ्यपुस्तकांनीं लिहून टाकलें यांत आश्चर्य नाहीं. पुढें सुमारें चाळीस वर्षें तें तसेंच छापलें गेलें.

रोग्यांच्या उशाशीं बसणाऱ्या वैद्यांस मात्र चैन पडेना. १९६० सालीं जन्मतःच या रोगानें ग्रासलेल्या अर्भकांचें वर्णन प्रसिद्ध झालें. मूल रडण्यास असमर्थ, दूध ओढण्यास असमर्थ. आणि आई पाहावी तर हिंडतीफिरती, आपणांस कांहीं झालें आहे याची तिला वार्ताहि नाहीं. १९७२ सालीं पीटर हार्पर यानें दाखविलें कीं, अशा अर्भकांस रोग जवळजवळ नेहमीं आईकडूनच आलेला असतो. नुसत्या निवडीच्या दोषानें अंतर पडत असेल तर त्या दोषास आई कोण व बाप कोण हें कसें कळावें? पुढें रोटरडॅम येथें होवेलर यानें घराण्यांतील जीं माणसें तक्रार करीत होतीं तींच नव्हेत तर न करणारींहि तपासलीं, पेनरोजचा एकेक आक्षेप हातीं घेतला, आणि १९८९ सालीं ‘ब्रेन’ या मासिकांत पूर्वागमन हें सत्य कीं कल्पित असा रोखठोक प्रश्न मथळ्यांतच घालून तें सत्य असल्याचा निर्वाळा दिला. पण यंत्रणा अद्याप कोणास ठाऊक नव्हती, आणि पेनरोजचें नांव फार मोठें होतें.

यंत्रणा सांपडली ती निराळ्याच वाटेनें. १९४३ सालीं मार्टिन या डॉक्टराबरोबर जूलिया बेलनेंच एका घराण्यांतील पुरुषांत उतरणाऱ्या मतिमंदत्वाचें वर्णन केलें होतें. पुढें त्या रोगास ‘फ्रॅजाइल एक्स’ असें नांव पडलें. १९८५ सालीं स्टेफनी शर्मन व त्यांचे सहकारी यांनीं त्यांतील एक कोडें मांडलें. कांहीं पुरुष स्वतः शहाणे असून मुलीच्या द्वारां नातवास रोग देतात. अशा पुरुषाच्या भावांत मतिमंदत्वाचें प्रमाण सुमारें ९ टक्के, आणि नातवांत सुमारें ४० टक्के! जनुक एकच, मग वंशावळींत कोण कितव्या पायरीवर उभा आहे यावर त्याचा परिणाम कसा अवलंबावा? १९९१ सालीं उत्तर मिळालें. त्या जनुकाच्या एका टोकास डीएनएच्या तीन अक्षरांचा एक गट पुनःपुन्हां आलेला असतो. निरोगी माणसांत त्याच्या आवृत्ति सुमारें ५ ते ४४. शहाण्या वाहकांत ५५ ते २००. आणि २०० च्या पुढें गेल्या म्हणजे जनुकाचें काम थांबतें. ही माळ विशेषतः आईकडून मुलांकडे जातांना लांबते.

दुसऱ्याच वर्षीं, १९९२ च्या आरंभीं, ब्रिटन, कॅनडा व अमेरिका येथील संशोधकांनीं मायोटोनिक डिस्ट्रोफीच्या मुळाशीं एकोणिसाव्या गुणसूत्रावर तसलीच तीन अक्षरांची माळ शोधून काढली. निरोगी माणसांत ५ ते ३७ आवृत्ति. मोतीबिंदूवर भागणाऱ्या आजोबांत पन्नासच्या वर थोड्या. तरुण रोग्यांत शेंकड्यांनीं. जन्मजात रोगाच्या अर्भकांत हजारांवर. फ्लायशरच्या तीन पिढ्या तीन संख्या होऊन कागदावर उतरल्या. जनुक पिढीगणिक एकाच दिशेनें बदलूं शकतो. पूर्वागमन खरें आहे. चाळीस वर्षांचीं पाठ्यपुस्तकें चुकलीं होतीं.

मग पेनरोज चुकला काय? या प्रश्नाचें उत्तर देतांना पुष्कळ लेखकांनीं घाई केली आहे असें आम्हांस वाटतें. आपल्या नैयायिकांचा दाखला येथें उपयोगी पडेल. घट होण्यापूर्वीं माती वाहणारें कुंभाराचें गाढव हजर असतें. पण घटाची उपपत्ति त्यावांचून लागते, म्हणून तें घटाचें कारण नव्हे, अन्यथासिद्ध होय. गाढवाशिवाय घट होतो हें आपण डोळ्यांनीं पाहूं शकतों, म्हणून हा निकाल पक्का. पेनरोजच्या प्रकरणांत तसें नव्हतें. निवडीच्या दोषानें एवढें अंतर पडूं शकतें हें त्यानें सिद्ध केलें; अंतर केवळ त्यानेंच पडलें आहे हें सिद्ध करण्यास चाळण्या काढून मोजावें लागलें असतें, आणि तें त्याच्याजवळच्या कागदांवरून होण्याजोगें नव्हतें. ‘अन्यथा सिद्ध होऊं शकतें’ आणि ‘अन्यथासिद्ध आहे’ यांमध्यें जी खिंड आहे ती त्याच्यामागून येणाऱ्यांनीं डोळे मिटून ओलांडली. यंत्रणा ठाऊक नसणें हा अज्ञानाचा पुरावा आहे, अभावाचा नव्हे, हेंहि ते विसरले.

पेनरोजच्या मनांत मोरेलच्या उतरंडीविषयीं जो राग होता त्यानें त्याचा तराजू किंचित् झुकविला असेल काय? असेल. पण ज्या काळांत उलट बाजूचा तराजू माणसें मारीत सुटला होता त्या काळांत हा झोंक आम्हांस क्षम्य वाटतो. शिवाय जें सत्य अखेर बाहेर आलें त्यानें मोरेलचा पक्ष उभा राहिला नाहीं. तीन अक्षरांची माळ लांबली म्हणजे त्यांत घराण्याचें पाप नाहीं, चारित्र्याचा ऱ्हास नाहीं. ज्या वेडाच्या आंकड्यांवर मॉटनें सारी इमारत रचली त्या वेडाच्या मुळाशीं तर अशी माळ आढळलेलीच नाहीं. तेथें पिअर्सनचा आक्षेप आजहि जागच्या जागीं उभा आहे.

हंटिंग्टनच्या रोगाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. जॉर्ज हंटिंग्टन या तरुण वैद्यानें १८७२ सालीं, आपल्या बापाच्या व आजाच्या पाहण्यांतील रोग्यांचाहि आधार घेऊन, त्याचें वर्णन केलें. त्याचा जनुक १९९३ सालीं सांपडला. तेथेंहि माळ आहे. ४० आवृत्ति झाल्या कीं पूर्ण आयुष्य लाभलेल्या माणसास रोग टळत नाहीं, आणि ती मुख्यतः बापाकडून येतांना लांबते. पण आवृत्ति सारख्या असूनहि एकास रोग पस्तिशींत होतो, एकास पन्नाशींत. २०१५ सालीं ४,००० हून अधिक रोग्यांच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, डीएनएची डागडुजी करणारे दुसरे कांहीं जनुक रोगाचें वय मागेंपुढें सरकवितात. कारण माळ पिढ्यांतच नव्हे तर एका माणसाच्या आयुष्यांतहि, पेशीपेशींत, वर्षांमागून वर्षें लांबत राहते.

१९९२ नंतर पूर्वागमनाची लाटच आली. मॅनिक-डिप्रेसिव्ह विकार, स्किझोफ्रेनिया, आंतड्यांचा क्रोन्स रोग, कित्येक कर्करोग, सर्वांत पूर्वागमन दिसूं लागलें आणि जो तो माळ शोधूं लागला. बहुतेकांच्या हातीं माळ आली नाहीं. आले ते पेनरोजचे जुने तीन आक्षेप, आणि त्यांत आणखी एकाची भर. बापाच्या तरुणपणीं आंतड्यांत दुर्बीण घालून पाहण्याची सोय नव्हती, मुलाच्या वेळीं आहे. मग मुलाचा रोग लवकर सांपडणारच. येथें वंशावळींतील काळ एक नसून तीन आहेत हें ध्यानांत येतें : माणसाचें वय, जन्माचें साल, आणि चालू साल. यांपैकीं दोन सांगितले कीं तिसरा आपोआप ठरतो. म्हणून परिणाम कोणत्या काळाचा हें नुसत्या आंकड्यांतून सोडवून घेतां येत नाहीं, बाहेरून कांहींतरी गृहीत धरावें लागतें. जनुकाचा प्रभावहि या काळांपासून अलिप्त नसतो. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तपासणींत एफ-टी-ओ नांवाच्या जनुकाचा एक प्रकार लठ्ठपणाशीं जोडलेला दिसतो तो मुख्यतः १९४२ नंतर जन्मलेल्यांत; आधीं जन्मलेल्यांत तो संबंध जवळजवळ दिसतच नाहीं. जनुक तोच, ताटांतलें अन्न व अंगमेहनत बदलली असावी.

आतां मायोटोनिक डिस्ट्रोफीकडे अखेरचें वळूं. १९९४ सालीं आईबाप व मुलें यांच्या १,४८९ जोड्यांच्या रक्तांतील माळा मोजून प्रसिद्ध झाल्या. त्यांत ९५ जोड्यांत, म्हणजे शेंकडा सहांच्या वर, मुलाची माळ वाढण्याऐवजीं आंखडलेली आढळली, आणि ती बहुधा बापाकडून आलेली होती. माळ आंखडली तर रोग उशिरा यावयास हवा. या जोड्यांपैकीं ५६ जोड्यांत रोगाची पुरेशी माहिती होती; त्यांतील २७ मुलांस रोग आईबापांपेक्षां लवकरच झालेला होता, आणि नक्की उशिरा झालेला असा एकहि आढळला नाहीं. म्हणजे ज्या रोगानें पेनरोजचा पाडाव केला त्याच रोगांत, माळ उलट दिशेनें गेली असतांहि, पूर्वागमन दिसतच राहिलें. चाळण्या आपलें काम करीत होत्याच.

तथापि येथेंहि निकाल देण्यास आम्ही धजत नाहीं. माळ मोजली ती रक्तांत, आणि स्नायूंतील माळ रक्तांतल्या माळेइतकीच असते असें नाहीं. शिवाय बापाचें रक्त घेतलें तें त्याच्या उतारवयांत. त्याच्या रक्तांतील माळ त्या सर्व वर्षांत लांबत आलेली. मुलास त्यानें जी दिली ती त्याच्या तरुणपणची, तेव्हां ती किती लांब होती हें कोणी मोजून ठेविलेलें नाहीं. मुलाची माळ खरोखर आंखडली, कीं बापाची मागाहून वाढली? डॉक्टराच्या वहींत जो प्रश्न १९४८ सालीं होता तोच परीक्षानळींत पुन्हां उभा आहे, आणि तो सोडविण्यास एकाच माणसाचें रक्त तरुणपणीं व म्हातारपणीं असें दोनदां काढून ठेवणें एवढाच मार्ग आहे. तसें रक्त कांहीं ठिकाणीं जमविण्यास आरंभ झाला आहे. त्याचा हिशेब पुरा होण्यास अर्थातच वर्षें लागतील.